पॅकेज मॅनेजरला टॅब कम्प्लीशन जोडताना

कमांड लाइनवरच्या पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) टॅब कम्प्लीशन, म्हणजे टॅब दाबून अर्धवट शब्द पूर्ण करून घेण्याची सोय, नसेल तर सहसा कोणी तक्रार करत नाही. लोक आधी सर्च चालवतात, यादीतलं नाव कॉपी करतात आणि इन्स्टॉलपुढे पेस्ट करतात. पण कम्प्लीशन आहे आणि दर टॅबला अडखळतंय, रिमूव्हपुढे न बसवलेली पॅकेजेस सुचवतंय, किंवा अर्धवट टाइप केलेल्या ओळीवर एरर सांडतंय, तर ते बंद करून टाकलं जातं आणि पुन्हा कोणी त्याच्याकडे वळून बघत नाही. त्यामुळे कसंबसं जोडलेल्या कम्प्लीशनपेक्षा नसलेलं बरं.

उदाहरणासाठी 'पेटी' नावाचा काल्पनिक पॅकेज मॅनेजर धरू. त्याच्या उपकमांडी म्हणजे इन्स्टॉल, रिमूव्ह, पर्ज, अपग्रेड, इन्फो आणि रेपो (पॅकेजेस जिथून येतात तो साठा). कमांडी, फंक्शन्स आणि व्हेरिएबल्स खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगनेच टाकायची, बॅश या शेलची (टाइप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) कॉम्प वाली व्हेरिएबल्स तर सगळी कॅपिटलमध्ये.

टॅब दाबल्यावर बॅश काय करतं

प्रोग्रॅमेबल कम्प्लीशन बॅशमध्ये २.०४ पासून, म्हणजे २००० सालापासून आहे. 'कम्प्लीट -एफ' (कॅपिटल एफ) वापरून एक फंक्शन कमांडच्या नावाला बांधायचं. टॅब दाबला की बॅश ते फंक्शन बोलावतं आणि आतापर्यंतची ओळ त्याच्यापुढे ठेवतं. कॉम्प_वर्ड्स या अ‍ॅरेमध्ये शब्द असतात, कॉम्प_सीवर्डमध्ये चालू शब्दाचा क्रमांक, कॉम्प_लाइनमध्ये अख्खी ओळ आणि कॉम्प_पॉइंटमध्ये कर्सरची जागा. उत्तरं कॉम्परिप्लाय या अ‍ॅरेत भरायची. करार एवढाच.

हे फंक्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत नाही, वापरणाऱ्याच्या चालू शेलमध्येच चालतं, आणि निम्मे घोळ इथून सुरू होतात. आत 'एक्झिट' लिहिलं तर टर्मिनलच बंद होईल. 'सेट -यू' किंवा 'सेट -ई' टाकलं तर ते त्या माणसाच्या शेलला कायमचं चिकटेल. 'लोकल' न लिहिलेलं प्रत्येक व्हेरिएबल बाहेर सांडेल, आणि 'आय' किंवा 'करंट' असली नावं कोणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये असतातच. आयएफएस (शब्द कशावर तोडायचे ते ठरवणारं व्हेरिएबल) बदलायचा असेल तर तोही 'लोकल' करूनच. मदतनीस फंक्शन्सच्या नावांना '_पेटी_' असा उपसर्ग लावावा. घर दुसऱ्याचं आहे, आपण पाहुणे.

उत्तर कोणी द्यायचं

पहिल्यांदा करणारे बहुतेक जण सगळं शेलमध्येच लिहितात: उपकमांडींची यादी, प्रत्येकीचे ऑप्शन, कोणत्या ऑप्शनला पुढे किंमत (व्हॅल्यू) लागते ते. मग झेडशेल या दुसऱ्या शेलसाठी तेच पुन्हा, फिश या तिसऱ्यासाठी तिसऱ्यांदा. दोन रिलीजनंतर पेटीत नवा ऑप्शन येतो आणि तिन्ही फाइल्स शिळ्या होतात.

त्यापेक्षा पेटीलाच एक लपवलेली उपकमांड द्यावी, 'पेटी __सुचव' म्हणा. हेल्पमध्ये ती दाखवायची नाही. तिला शब्द आणि चालू शब्दाचा क्रमांक द्यायचा; ती ओळीगणिक एक उत्तर छापते, नाव, मग एक टॅब कॅरेक्टर, मग एका ओळीचं वर्णन. ऑप्शन पार्सर आधीच पेटीच्या आत आहे, त्यामुळे कोणत्या ऑप्शनला किंमत लागते हे तिला ठाऊक असतं. शेलच्या फाइलमध्ये उरतं ते फक्त चिकटवण्याचं काम, प्रत्येकी वीस-पंचवीस ओळी. गो भाषेतली कोब्रा लायब्ररी '__कम्प्लीट' नावाच्या लपवलेल्या कमांडने हेच करते. पायथॉनचं आर्गकम्प्लीट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून ओळखतं की आपल्याला चालवायला नव्हे, सुचवायला बोलावलंय. पिपही त्याच वाटेने जातं.

या पद्धतीत एक किंमत मोजावी लागते: प्रत्येक टॅबला पेटी सुरू होते. पेटी सी, गो किंवा रस्टमध्ये असेल तर काही मिलिसेकंदांत काम आटोपतं. पायथॉन किंवा नोडमध्ये असेल तर इंटरप्रिटर उठून नेटवर्क, क्रिप्टो, आर्काइव्हच्या लायब्ऱ्या इम्पोर्ट होईपर्यंत माणसाने दुसरा टॅब दाबलेला असतो. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं. त्यापुढे हात थबकतो. उपाय असा की प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, जड इम्पोर्टच्या आधी, '__सुचव' आहे का ते तपासायचं आणि असेल तर वेगळ्या हलक्या वाटेने जायचं. 'टाइम' लावून आधी मोजा. अंदाज इथे हमखास चुकतो.

उपकमांड शोधणं

कॉम्प_वर्ड्समधला दुसरा शब्द म्हणजे उपकमांड, असं धरून लिहिलेली कम्प्लीशन्स ठिकठिकाणी सापडतात. ही ओळ आली की ती आडवी होतात:

पेटी -व्ही --रूट /एमएनटी इन्स्टॉल लिब

इथे '-व्ही' एकटा ऑप्शन आहे, '--रूट' ला पुढचा शब्द लागतो, आणि उपकमांड पाचव्या जागी आहे. म्हणून दुसऱ्या शब्दापासून चालू शब्दापर्यंत लूप फिरवायचा. डॅशने सुरू होणारे शब्द ओलांडायचे, किंमत घेणारा ऑप्शन असेल तर त्याच्या पुढचाही ओलांडायचा. पहिला उरलेला शब्द ती उपकमांड. नुसता '--' आला की त्यापुढे ऑप्शन सुचवायचेच नाहीत.

कर्सर शब्दाच्या मधोमध असेल तर कॉम्प_वर्ड्समध्ये अख्खा शब्द येतो, कर्सरपर्यंतचा तुकडा नव्हे. तुकडा हवा असेल तर कॉम्प_लाइन आणि कॉम्प_पॉइंटवरून कापून घ्यावा लागतो.

कुठे काय सुचवायचं

इन्स्टॉलपुढे उपलब्ध पॅकेजेस, रिमूव्हपुढे फक्त बसवलेली, अपग्रेडपुढे ज्यांची नवी आवृत्ती आली आहे तेवढीच, इन्फोपुढे दोन्ही. एवढं केलं तरी ऐंशी टक्के उपयोग झाला. इन्स्टॉलच्या यादीतून आधीच बसवलेली पॅकेजेस वगळण्याचा मोह आवरावा. पुन्हा बसवायची वेळ येते, ठरावीक आवृत्तीवर जायची वेळ येते, आणि नाव सुचलं नाही की माणसाला वाटतं असं पॅकेजच नाही.

पर्ज वेगळं आहे. डेबियनच्या डीपॅकेजमध्ये पॅकेज काढलं तरी त्याच्या कॉन्फिग फाइल्स मागे राहतात, आणि त्या काढण्यासाठीच पर्ज वापरतात. तेव्हा पर्जपुढे बसवलेली पॅकेजेस दाखवून थांबलात तर ज्यासाठी माणूस आला तेच नेमकं गायब.

शब्दात '/' असेल किंवा तो '.' ने सुरू होत असेल तर इन्स्टॉलपुढे फाइल्स सुचवाव्यात, कारण स्थानिक फाइल बसवायची असणार. बाकी वेळी फाइल्स मधे येऊ देऊ नयेत. बॅशमध्ये '-ओ डीफॉल्ट' लावून ठेवलं की आपलं उत्तर रिकामं आल्यावर बॅश मुकाट्याने चालू डिरेक्टरीतल्या फाइल्स देतं, आणि रिमूव्हपुढे 'नोट्स.टीएक्सटी' दिसू लागतं. हा ऑप्शन लावूच नका. फाइल्स हव्या तिथे 'कॉम्पऑप्ट -ओ फाइलनेम्स' त्या क्षणापुरतं लावता येतं.

साठ हजार नावं

डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजेस होती. एवढी नावं एका साध्या फाइलमध्ये ओळीगणिक लिहिली तर साधारण एक एमबी होतात. त्या फाइलवर ग्रेप (ओळी शोधणारी कमांड) फिरवणं अगदी स्वस्त. महाग पडतं ते मेटाडेटा पार्स करणं, डेटाबेस उघडणं, त्याचं कुलूप (लॉक) घेणं. म्हणून नावांची यादी टॅबच्या वेळी बनवायची नाही. 'पेटी अपडेट' संपताना बनवून ठेवायची. नवी यादी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि मग त्याच फाइलसिस्टिमवर नाव बदलून जागेवर आणा. थेट जुन्या फाइलवर लिहिलं तर अपडेट चालू असताना टॅब दाबणाऱ्याला अर्धीच यादी मिळेल.

डेबियनच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरचं बॅश कम्प्लीशन नावं मागताना '--नो-जनरेट' असा ऑप्शन देतं, म्हणजे टॅबच्या नादात कॅशे नव्याने बांधायला घेऊ नये. फेडोराच्या डीएनएफने एका टप्प्यावर यासाठी वेगळी एसक्यूलाइट फाइल ठेवली होती, त्यात उपलब्ध आणि बसवलेल्या पॅकेजेसची दोन टेबलं. वाटा वेगळ्या असल्या तरी हेतू एकच: टॅब दाबल्यावर फक्त वाचायचं.

यातून काही नियम आपोआप निघतात. टॅबमध्ये नेटवर्क नाही, कधीच नाही. कुलूप नाही, कारण दुसऱ्या टर्मिनलमध्ये मोठं अपग्रेड चालू असेल तर इथला टॅब ते संपेपर्यंत लटकेल. पासवर्ड विचारायचा नाही. आणि यादीची फाइल सगळ्यांना वाचता आली पाहिजे: 'सुडो पेटी इन्स्टॉल' लिहिलं तरी कम्प्लीशन साध्या यूजरच्याच हक्काने चालतं. ती फाइल फक्त रूटला वाचता येत असेल तर नेमकं सुडोच्या ओळीवरच काही सुचत नाही आणि कारण लवकर हाती लागत नाही.

ग्रेप वापरताना नावातला टिंब रेजेक्समध्ये (शोधाच्या नमुन्यात) कुठल्याही अक्षराला जुळतो, आणि 'ग्रेप -ई' (कॅपिटल ई) मध्ये 'जी++' मधली अधिकची चिन्हं वेगळाच अर्थ घेतात. यादी सॉर्ट केलेली असेल तर 'लुक' ही जुनी कमांड बायनरी सर्चने उपसर्ग शोधते आणि रेजेक्सचा प्रश्नच उरत नाही. फक्त सॉर्ट करताना 'एलसी_ऑल=सी' ठेवा; लोकेल वेगळं पडलं की लुक अधूनमधून काहीच देत नाही.

इन्स्टॉलपुढे एकही अक्षर नसताना टॅब दाबला तर? रिमूव्हपुढे सगळी यादी ठीक आहे. इन्स्टॉलपुढे काहीच न देणं जास्त शहाणपणाचं. रीडलाइन (बॅशसाठी टाइप केलेली ओळ वाचणारी लायब्ररी) १०० किंवा त्याहून जास्त पर्याय झाले की सगळे दाखवू का असं विचारतं खरं, पण तोपर्यंत चौसष्ट हजार नावं अ‍ॅरेत भरून झालेली असतात.

कोलन, बरोबर आणि अ‍ॅट

सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग हा. बॅश शब्द तोडतं ते फक्त मोकळ्या जागेवर नाही; कॉम्प_वर्डब्रेक्स या व्हेरिएबलमधल्या प्रत्येक चिन्हावर तोडतं, आणि त्यात ':' , '=' आणि '@' मुळातच असतात. पॅकेज मॅनेजरच्या जगात ही तिन्ही चिन्हं रोजची: आर्किटेक्चरसाठी कोलन, आवृत्तीसाठी बरोबर, स्कोपसाठी अ‍ॅट.

समजा ओळ अशी आहे:

पेटी इन्स्टॉल लिबसी6:एएम

आपल्या लेखी 'लिबसी6:एएम' हा एक शब्द. बॅशच्या लेखी तीन: 'लिबसी6', ':' आणि 'एएम'. आपण भाबडेपणाने कॉम्परिप्लायमध्ये 'लिबसी6:एएमडी64' टाकलं की बॅश फक्त शेवटचा तुकडा बदलतं आणि ओळ होते:

पेटी इन्स्टॉल लिबसी6:लिबसी6:एएमडी64

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी शब्द कोलनने न तोडता पुन्हा जुळवून घ्यायचा आणि त्यावर उत्तरं शोधायची. मग प्रत्येक उत्तरातून शेवटच्या कोलनपर्यंतचा भाग छाटून टाकायचा, म्हणजे कॉम्परिप्लायमध्ये नुसतं 'एएमडी64' राहील. बॅश-कम्प्लीशन प्रकल्पात दोन्हीची सोय आहे: '_इनिट_कम्प्लीशन' ला '-एन :' द्यायचं, आणि शेवटी '__एलट्रिम_कोलन_कम्प्लीशन्स' बोलवायचं. '=' आणि '@' साठी छाटणी स्वतः लिहावी लागते, पण तत्त्व तेच.

आळशी उपाय म्हणजे कॉम्प_वर्डब्रेक्समधून कोलन काढूनच टाकणं. ते व्हेरिएबल अख्ख्या शेलचं आहे. तुमची फाइल लोड झाली की त्या टर्मिनलमधल्या इतर कमांडींचं कम्प्लीशन वागणं बदलतं, आणि दोष तुमच्या माथी येत नाही म्हणून तो कधी सुटतही नाही.

'--रेपो=' सारखं उत्तर दिल्यावर बॅश पुढे मोकळी जागा टाकतं आणि किंमत लिहायला मागे जावं लागतं. तेवढ्यापुरतं 'कॉम्पऑप्ट -ओ नोस्पेस' लावायचं.

कॉम्पजेनची -डब्ल्यू

जवळपास प्रत्येक उदाहरणात 'कॉम्पजेन -डब्ल्यू' ला शब्दांची यादी देऊन उपसर्गाने गाळलेली दिसते. उपकमांडींसारख्या आपण लिहिलेल्या यादीला ते चालतं. बाहेरून आलेल्या नावांना चालत नाही: -डब्ल्यूची यादी तोडल्यावर बॅश प्रत्येक शब्दावर शेल एक्स्पान्शन करतं, म्हणजे त्यातली व्हेरिएबल्स आणि कमांडी उलगडतं. एखाद्या रेपोच्या मेटाडेटामध्ये डॉलर आणि कंसाने सुरू होणारं 'नाव' घुसवलं असेल तर टॅब दाबताक्षणी त्यातली कमांड चालेल, तीही काही बसवण्याआधी. पॅकेज मॅनेजरने ही दारं उघडी ठेवणं शोभत नाही.

'पेटी __सुचव' स्वतःच गाळून देत असेल तर कॉम्पजेन मधे घालायची गरजच नाही. 'मॅपफाइल -टी' ने ओळी थेट कॉम्परिप्लायमध्ये भरा आणि वर्णनाचा भाग टॅबपासून कापून टाका. 'कॉम्परिप्लाय=( $( … ) )' या लोकप्रिय लिखाणात शब्द पुन्हा तुटतात आणि '*' असलेला शब्द फाइलनावांमध्ये उलगडतो; मॅपफाइलमध्ये दोन्ही होत नाही. अडचण एकच, मॅकओएससोबत येणारं बॅश अजून ३.२ वर आहे आणि मॅपफाइल व कॉम्पऑप्ट दोन्ही ४.० मध्ये आले. तिथेही चालवायचं असेल तर 'व्हाइल रीड' चा लूप, आणि कॉम्पऑप्ट आहे का ते आधी तपासणं.

झेडशेल आणि फिश

झेडशेलमध्ये फाइलचं नाव '_पेटी', पहिली ओळ '#कॉम्पडेफ पेटी', आणि फाइल एफपाथमधल्या (फंक्शन्स शोधायच्या जागांच्या यादीतल्या) डिरेक्टरीत. फाइलमध्ये मदतनीस फंक्शन्सही असतील तर शेवटी मुख्य फंक्शन स्वतः बोलवावं लागतं, नाहीतर पहिला टॅब वाया जातो आणि दुसऱ्यापासून सगळं सुरळीत चालतं; मग दोष शोधताना डोकं फिरतं. पर्याय वर्णनासह दाखवणाऱ्या '_डिस्क्राइब' ला 'नाव:वर्णन' अशी जोडी लागते, त्यामुळे नावातल्या कोलनआधी बॅकस्लॅश घालायला विसरू नका. नवी फाइल टाकूनही काही होत नसेल तर घरच्या डिरेक्टरीतली '.झेडकॉम्पडम्प' उडवून नवा शेल उघडा. डिरेक्टरी इतरांना लिहिता येण्याजोगी असेल तर कम्प्लीशन सुरू करणारं कॉम्पइनिट ती असुरक्षित म्हणून विचारत बसतं. 'कॉम्पऑडिट' कोणती ते सांगतं.

फिश सगळ्यात सोपं. नाव, टॅब, वर्णन हे स्वरूप त्याला जसंच्या तसं चालतं. '-एफ' (इथे लहान एफ) ने फाइल्स बंद करायच्या, '-एन' मध्ये अट, '-ए' मध्ये कंसात 'पेटी __सुचव'.

एक गोष्ट मात्र दोघांनाही लागू. फिश नावाच्या मधल्या तुकड्यावरूनही जुळवतं, झेडशेलमध्ये लोक मॅचर-लिस्ट लावून लहान-मोठी अक्षरं सारखी धरतात. '__सुचव' ने काटेकोर उपसर्गाने गाळून दिलं तर या दोन्ही सोयी मेल्या. बसवलेल्या पॅकेजेसची यादी हजारोंच्या घरातच असते, ती न गाळता द्यावी आणि शेललाच गाळू द्यावं. उपलब्ध पॅकेजेस मात्र गाळूनच. बॅश स्वतः काहीच गाळत नाही, म्हणून '__सुचव' ला '--सगळं' असा ऑप्शन ठेवला की प्रत्येक शेल आपापल्या गरजेप्रमाणे मागतो.

तपासणी आणि फाइल कुठे ठेवायची

एररचा प्रवाह '/डेव्ह/नल' कडे वळवा, रंग बंद ठेवा. पण डीबग करताना तोच प्रवाह एका लॉग फाइलकडे वळवा. 'सेट -एक्स' थेट लावलं तर प्रॉम्प्टचा चिवडा होतो. बॅशमध्ये टॅब न दाबताही तपासता येतं: कॉम्प_वर्ड्स आणि कॉम्प_सीवर्ड हाताने भरा, फंक्शन बोलवा, कॉम्परिप्लाय छापा. 'कम्प्लीट -पी पेटी' बांधणी झाली आहे का ते दाखवतं. झेडशेलमध्ये कंट्रोल-एक्स आणि मग '?' दाबलं की पूर्ण माग एका फाइलमध्ये मिळतो. फिशमध्ये 'कम्प्लीट -सी' (कॅपिटल सी) ला अर्धी ओळ दिली की उत्तरं छापली जातात.

बॅशची फाइल 'बॅश-कम्प्लीशन/कम्प्लीशन्स' या डिरेक्टरीत कमांडच्याच नावाने ठेवा. बॅश-कम्प्लीशनच्या २.० पासून ती पहिल्या टॅबलाच लोड होते, शेल सुरू होताना नाही, म्हणून नाव जुळणं महत्त्वाचं. अचूक जागा पॅकेज-कॉन्फिगला 'कम्प्लीशन्सडिर' विचारून घ्यावी. झेडशेलसाठी सहसा 'साइट-फंक्शन्स', डेबियनवर 'व्हेंडर-कम्प्लीशन्स', फिशसाठी 'व्हेंडर_कम्प्लीशन्स.डी'. या फाइल्स बिल्डच्या वेळीच तयार करून पॅकेजमध्ये घाला. वापरणाऱ्याला बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं त्या फाइलमध्ये) 'इव्हॅल' ची ओळ टाकायला सांगणारे प्रकल्प बरेच आहेत, पण मग प्रत्येक नवं टर्मिनल उघडताना तुमचा प्रोग्रॅम एकदा चालतो, त्या माणसाने दिवसभरात पेटी वापरली नाही तरी.

अ‍ॅलियसचं राहिलं. झेडशेल नेहमीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅलियस उलगडून कम्प्लीशन शोधतं, बॅश सहसा शोधत नाही. 'पी' हा पेटीचा अ‍ॅलियस असेल तर बॅशमध्ये तेच फंक्शन 'पी' लाही बांधावं लागतं. शिवाय फाइल पहिल्या टॅबलाच लोड होत असल्यामुळे पेटीची फाइल तोवर लोड झालेली नसते, म्हणून आधी ती सोर्स करणं आलं. ही दोन ओळींची कृती मॅन पेजमध्ये लिहून ठेवा. हा प्रश्न येतोच.